जामखेडची वाकळ आणि आमचा दोन तासांचा वर्ग

गेल्या पावसाळ्यात रुग्णालयात पेशंटना मदत करणाऱ्या आमच्या स्वयंसेवकांच्या गटातल्या एका ताईंनी वॉर्डातल्या एका आजींना पाणी पाजलं. आजींचं सकाळी ऑपरेशन होतं आणि रात्रीपासून त्यांना तोंडावाटे काही द्यायचं नव्हतं. घशाला कोरड पडली म्हणून त्या कळवळून पाणी मागत होत्या. मुलगा खाली मेडिकलमध्ये गेलेला, सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. ताई आमच्याकडे येऊन आठच दिवस झाले होते. तहानलेल्या माणसाला पाणी नाही म्हणायचं, हे आपल्याकडे कुणाला जमतं? त्यांनी अर्धा पेला पाणी दिलं, आजींचं तोंड पुसलं आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

तासाभरानं भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आजींनी खरं ते सांगितलं. त्यांचा नंबर गेला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं आणि नीट झालं. पण आजींना आणखी एक रात्र उपास घडला, मुलाची एक दिवसाची मजुरी बुडाली आणि वॉर्डभर आमच्या नावानं कुजबुज झाली. भूल दिल्यावर पोटातलं पाणी उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, त्यात जीवही जाऊ शकतो, हे ताईंना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या परत आल्या नाहीत. मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा त्या एवढंच म्हणाल्या, "मला आता कुणाला हात लावायचीच भीती वाटते हो."

सांगायचं काम माझं होतं. नव्या स्वयंसेवकांचा वर्ग मीच घेते. रविवारी सकाळी दोन तास. त्यात संस्थेची वाटचाल, काही फोटो, सेवाभावावर चार शब्द, चहा-पोहे आणि शेवटी गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. आठ वर्षं हा वर्ग असाच चालला. पेशंटनं पाणी मागितलं तर आधी कुणाला विचारायचं, हे एकच वाक्य त्यात कधी आलं नाही.

त्या प्रसंगानंतर मी एक जुनं प्रकरण मुळापासून वाचायला घेतलं. ते जामखेडच्या आरोळे दांपत्याच्या कामाचं. सार्वजनिक आरोग्य शिकणारे जगभर त्याचा अभ्यास करतात. मी ते एकाच प्रश्नासाठी वाचलं. जी माणसं पगाराशिवाय मदतीला उभी राहतात, त्यांना या लोकांनी कसं शिकवलं? तिथल्या बायकांच्या हातात बाळंतपणं होती, काल-परवा जन्मलेली बाळं होती, आणि त्यातल्या बऱ्याचजणींना अक्षरओळखही नव्हती. आमचे स्वयंसेवक पदवीधर आहेत.

आधी फसलेला बेत

डॉ. रजनीकांत आरोळे राहुरीचे, डॉ. मेबल जबलपूरच्या. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, तिथंच खेड्यात काम करायचं ठरवून लग्न केलं. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षं राबल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तेच ते आजार घेऊन तीच ती माणसं परत येताहेत. दवाखान्यात बरं करायचं आणि त्याच पाण्याकडे, त्याच उपासमारीकडे परत पाठवायचं. मग अमेरिकेत जाऊन दोघांनी पुढचं शिक्षण घेतलं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० साली ते जामखेडला आले. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याचं हे आग्नेयेकडचं टोक. पाऊस कमी, रस्ते वाईट, दर दोन-चार वर्षांनी दुष्काळ. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम सुरू केलं. त्या सुमाराला या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती.

पहिला बेत कुणालाही सुचला असता तसाच होता. प्रत्येक गावात एक शिकलेली नर्स ठेवायची. एएनएम झालेल्या तरुण मुली गावात राहायला पाठवल्या, आणि बेत फसला. मुली परक्या गावात एकट्या राहायला घाबरायच्या, गावालाही त्या परक्याच वाटायच्या. ज्या मुलीला स्वतःचं मूल झालेलं नाही, तिनं चार पोरांच्या आईला बाळ कसं वाढवायचं ते सांगावं, हे गावाच्या गळी उतरत नव्हतं. मुलींचं ज्ञान पक्कं होतं, पण गावात ते ऐकून घ्यायला कुणी नव्हतं.

माझ्या मते जामखेडची गोष्ट या अपयशापासून सुरू होते. संस्थेला तयार माणूस मिळाला की आपण सुटकेचा श्वास टाकतो. निवृत्त नर्स आली, समाजकार्य शिकलेला मुलगा आला, आता यांना काय शिकवायचं? आरोळ्यांच्या हाती तयार माणसं होती आणि तरी काम उभं राहिलं नाही. तेव्हा त्यांनी उलटा रस्ता धरला. गावानं आपल्यातलीच एक बाई निवडायची. प्रौढ, संसार केलेली, पोरंबाळं असलेली, आणि गावासाठी काही करायची जिला ओढ आहे अशी. शाळा शिकलेली असलीच पाहिजे अशी अट नाही. निवडलेल्यांत दलित बायका होत्या, विधवा होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. संस्थेच्या नोकरीत त्या नव्हत्या, पगार नव्हता. गावासाठी वेळ द्यायचा, हे त्यांनी स्वतःहून स्वीकारलेलं काम होतं.

ही निवड गावानं करण्याआधी बरंच काही घडून गेलं होतं, तेही महत्त्वाचं आहे. तरुण पुरुषांना एकत्र आणायला व्हॉलीबॉलचे खेळ लावले, त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. १९७२च्या दुष्काळात पोरांसाठी अन्न शिजवायची सोय झाली, बोअर खणले. आणि ते बोअर जाणूनबुजून दलित वस्तीत घेतले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडे यावं लागेल. इतकं सगळं झाल्यावर गाव कुणाची तरी निवड करायला एकत्र बसू शकलं. आमच्यासारख्या संस्था एक अर्ज छापतात आणि जो भरेल तो स्वयंसेवक होतो.

वाकळ

दर आठवड्याला या बायका जामखेडला यायच्या. दोन दिवस आणि मधली एक रात्र. आपापल्या गावाहून चालत, बैलगाडीनं, मिळाली तर एसटीनं. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, एकत्र झोप. मराठा, माळी, धनगर, महार, मांग, मुसलमान. गावात ज्यांच्या पाण्याचे घडेही एकमेकींना चालत नव्हते, त्या इथं एका पंगतीत. आरोळ्यांनी रात्री पांघरायला सगळ्यांत मिळून एकच भलीमोठी वाकळ शिवून घेतली. थंडीच्या रात्री ज्या बाईला शेजारणीचा विटाळ वाटतो, तिनं एकतर कुडकुडत बसायचं नाहीतर त्याच वाकळेत शिरायचं.

ही हकीकत सांगताना लोक समतेवर बोलतात आणि ते खरंच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या बाईला उद्या गावातल्या प्रत्येक घरात शिरायचं होतं. दलित बाईला पाटलाच्या वाड्यात बाळंतिणीच्या खोलीपर्यंत जायचं होतं, आणि सवर्ण बाईला दलित वस्तीतल्या जुलाब झालेल्या पोराला मांडीवर घ्यायचं होतं. हे करायला जे मन लागतं ते भाषणानं तयार होत नाही. त्यासाठी तिला आधी एक रात्र त्या वाकळेत काढावी लागली, मग दुसरी, मग पन्नासावी. मी आमच्या वर्गात भेदभाव करू नये यावर तीन मिनिटं बोलते. बोलून झाल्यावर सगळे माना डोलावतात.

शिक्षणाची सुरुवातही औषधांपासून झाली नाही. बोलण्यापासून झाली. अनेकींना चारचौघांत स्वतःचं नाव सांगता येत नसे. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख. त्या बाईला आधी ताठ उभं राहून आपलं नाव सांगायला शिकायचं होतं. याचा आरोग्याशी काय संबंध, असं वाटेल. पण जी बाई सासूसमोर तोंड उघडू शकत नाही, ती दुसऱ्याच्या सासूला "हिला आत्ता जामखेडला न्या, इथं बाळंतपण करू नका" असं कसं सांगणार? आमच्या ताईंनाही त्या दिवशी एका वाक्याची हिंमत हवी होती. "आजी, थांबा, मी सिस्टरना विचारून येते." पण सिस्टरना हाक मारायचीच त्यांना चोरी वाटत होती, हे मला नंतर कळलं.

मग विषय यायचे, आणि ते गावातून यायचे. गेल्या आठवड्यात गावात काय झालं, हे प्रत्येकीनं सांगायचं. कुणाचं मूल हगवणीनं गेलं, कुणाला ताप उतरत नाही, कुणी ऐकलं, कुणी हाकलून दिलं. त्यावर बाकीच्या बोलणार. पुस्तक नाहीच, कारण वाचता येत नव्हतं. चित्रांची कार्डं, गाणी, नकला करून दाखवणं, प्रत्यक्ष पेशंटजवळ उभं राहून शिकणं. एक विषय पुन्हा पुन्हा. या आठवड्यात समजला असं वाटलेला विषय पुढच्या आठवड्यात गावच्या अनुभवानं परत उकरला जायचा.

त्यात सर्वांत अवघड भाग होता स्वतःच्याच समजुतींचा. या बायका त्याच गावातल्या, त्यांच्याही डोक्यात तेच होतं. हगवण लागलेल्या पोराचं पाणी तोडायचं. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायचं. पोटुशीनं कमी खावं, म्हणजे मूल लहान राहून सुटका सोपी होते. गोवर आला म्हणजे देवी आली. हे सगळं आजीनं आईला आणि आईनं लेकीला दिलेलं. "हे चुकीचं आहे" एवढं सांगून ते जात नाही, कारण तसं म्हणणं म्हणजे आईला खोटं ठरवणं. त्यासाठी प्रत्यक्ष पाहावं लागतं. मीठ-साखरेचं पाणी पाजलेलं पोर दुपारपर्यंत डोळे उघडून पाहायला लागतं, हे स्वतःच्या हातानं करून पाहिलं की मग ती बाई गावात जाऊन बोलते, आणि तिच्या बोलण्याला वजन येतं. आमच्या ताईंचंही तसंच होतं. तहानलेल्याला पाणी द्यावं, ही त्यांना आईकडून मिळालेली शिकवण. ती मोडायची तर कारण समजलं पाहिजे. नुसता नियम पुरला नसता, असं मला आज वाटतं.

बाळंतपणासाठी त्यांना निर्जंतुक केलेली छोटी पुडकी दिली जायची. साबण, ब्लेड, नाळ बांधायचा दोरा, गॉज. कोयत्यानं किंवा विळ्यानं नाळ कापायची पद्धत त्यानं मागे पडली. पण पुडक्यापेक्षा मोठी गोष्ट होती मर्यादा ओळखण्याची. पायांवर सूज, रक्तस्राव, पोटात आडवं मूल. हे दिसलं की हात लावायचा नाही, जामखेडला न्यायचं. स्वयंसेवकाच्या शिक्षणातला सगळ्यांत दुर्लक्षित भाग हाच असतो. काय करायचं ते आपण हौसेनं शिकवतो. कुठं थांबायचं, हे शिकवायला आपल्याला संकोच वाटतो, कारण समोरचा माणूस चांगल्या मनानं आलेला असतो आणि त्याला "हे तुमचं काम नाही" म्हणणं कृतघ्नपणाचं वाटतं.

आणखी एक शिक्षण चालू होतं, ज्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. ते डॉक्टर आणि नर्सचं. वर्षानुवर्षं शिकून मिळवलेलं ज्ञान निरक्षर बाईला देऊन टाकायचं, हे पचवणं सोपं नसतं. तिला कळलं तर आपलं काय उरलं? आरोळ्यांना आपल्या सहकाऱ्यांची ही भीती ओळखून त्यावर काम करावं लागलं. डॉक्टर, नर्स आणि समाजसेवक असलेलं फिरतं पथक गावात जायचं तेव्हा त्या गावच्या बाईला बरोबर घेऊन, तिला विचारून काम करायचं. डॉक्टर आपल्या गावच्या बाईला मानतात, हे गावाच्या डोळ्यांसमोर घडायचं. तिला मिळालेलं हे प्रमाणपत्र कुठल्याही कागदापेक्षा मोठं होतं. आमच्या वॉर्डातल्या सिस्टरांशी आम्ही असं कधी बसून बोललो नव्हतो. आमचे स्वयंसेवक त्यांच्या दृष्टीनं मधेमधे येणारी माणसं होती, आणि त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

तीच कल्पना, वर्गाशिवाय

प्रशिक्षणाला किती वजन द्यायचं, याचा जणू ताळा पाहावा अशी गोष्ट १९७७ साली घडली. जामखेडसारख्या प्रयोगांची तोवर बरीच चर्चा झाली होती. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनंही जामखेडचा वृत्तांत जगापुढं मांडला होता. केंद्रात नवं सरकार आलं आणि २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशात गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू झाली. हजार लोकसंख्येमागे गावातलाच एक माणूस. प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन महिने शिक्षण, मग औषधांची पेटी आणि महिन्याला ५० रुपये मानधन. कागदावर पाहिलं तर जामखेडचीच कल्पना.

ती टिकली नाही. निवड अनेक ठिकाणी सरपंचाच्या मर्जीनं झाली आणि बहुतेक जागी पुरुष आले. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना प्रवेश नव्हता. तीन महिने संपले की शिक्षण संपलं. गावात अडचण आली तर कुणाला विचारायचं, याची सोय नव्हती. आरोग्य केंद्रातले कर्मचारी त्यांना आपलं मानत नव्हते. मग ते त्यांना जे जमत होतं ते करू लागले, म्हणजे पेटीतल्या गोळ्या वाटू लागले. पुढं नोकरीत कायम करण्याच्या मागण्या आल्या, योजनेचं नाव १९८१ पर्यंत दोनदा बदललं आणि हळूहळू ती विझली.

तीन महिने म्हणजे कमी नव्हेत. तास मोजले तर जामखेडच्या बाईचं पहिलं वर्ष जास्त भरेल हे खरं. पण फरक नुसत्या तासांचा नव्हता. जामखेडची बाई शिकून गावात जायची, तिथं अडायची, अडलेलं घेऊन परत यायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायची. सरकारी कार्यकर्ता अडला की अडूनच राहायचा. मी हे वाचलं तेव्हा आमच्या ताईंचा फोन आठवला. त्यांची चूक झाली त्या दिवशी त्यांना जाऊन बसायला कुठली जागाच नव्हती. आमचा वर्ग आठ दिवसांपूर्वी संपला होता. चूक झाल्यावर जिथं जाता येतं असा वर्ग असता तर त्या आज आमच्यात असत्या, असं मला मनापासून वाटतं.

आकडे काय सांगतात, काय नाही

१९७६ पर्यंत जामखेडच्या कामाखालच्या गावांत बालमृत्यूंचा आकडा हजारी १७६ वरून ५२ वर आला. नव्वदच्या दशकात तो आणखी खाली गेला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, नव्वदच्या दशकात तिथं प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि देशोदेशींची माणसं शिकायला येऊ लागली. त्यांना शिकवायला गावच्या याच बायका असायच्या, हे मला विशेष वाटतं.

पण हे सगळं प्रशिक्षणाच्या खात्यावर टाकणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. बोअरचं पाणी होतं, पोरांना अन्न होतं, जामखेडला रुग्णालय होतं, बाईच्या शब्दावर पेशंट तिथं नेला तर त्याला दारातून परत पाठवत नव्हते. त्यात देशभर बालमृत्यू कमी होतच होते. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात या कामाचा तौलनिक अभ्यास आला. त्यात १९९२ नंतरच्या काळात, शेजारच्या इतर गावांच्या तुलनेत जामखेडच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. १७६ आणि ५२ च्या शेजारी ३० टक्के साधे वाटतात. मला मात्र हा आकडा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण त्यात काळाबरोबर आपोआप झालेली सुधारणा बाजूला काढली आहे, आणि तरीही काही उरलं आहे.

मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या आरोग्य कार्यकर्तीची गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. १९८८ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलताना त्यांनी सभागृहातल्या लखलखत्या झुंबरांकडे बोट दाखवलं आणि ही झुंबरं म्हणजे मोठे डॉक्टर, मोठी रुग्णालयं, असं सांगितलं. मग दोन साध्या वातीचे दिवे काढले, एक पेटवला आणि त्यावर दुसरा लावून दाखवला. झुंबराला हे जमत नाही. खेड्यातल्या बाईनं ही उपमा जगभरच्या तज्ज्ञांपुढं उभी राहून द्यावी, इथपर्यंत तिला आणणारा तो आठवड्याचा वर्ग माझ्या डोळ्यांसमोर येतो. तो नुसता आरोग्याचा वर्ग असता तर मुक्ताबाई चांगलं बाळंतपण करत्या, वॉशिंग्टनला बोलत्या की नाही कोण जाणे.

एका गोष्टीवर माझं मन अजून ठरत नाही. या बायका पगार घेत नव्हत्या. संस्थेनं त्यांना छोट्या कर्जांसाठी, शेळ्या-कोंबड्यांसाठी, लहान धंद्यांसाठी मदत केली आणि गावातल्या मानावर त्यांचं काम उभं राहिलं. त्यांच्यापैकी अनेकींनी हे आनंदानं केल्याचं सांगितलं आहे आणि त्यावर शंका घ्यायचा मला अधिकार नाही. पण २००५ नंतर आलेल्या आशाताईंकडे पाहा. सरकारी कागदात त्या मानद स्वयंसेविका. सुरुवातीला तुकड्यातुकड्यानं २३ दिवसांचं शिक्षण, मग कामागणिक मोबदला, आणि कामं वाढतच गेली. लसीकरण, बाळंतपण, नवजात बाळांच्या घरभेटी, कोविडात दारोदार सर्वेक्षण. मोबदल्यासाठी महाराष्ट्रातल्या आशाताईंना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. इतकं शिकवून, इतकं काम देऊन माणसाला स्वयंसेवक म्हणत राहणं मला अन्यायाचं वाटतं. शिक्षणानं जबाबदारी वाढते, आणि जबाबदारी एका मर्यादेपलीकडे गेली की सेवेचं नाव पुरत नाही. ही मर्यादा कुठं आखायची, याचं उत्तर जामखेडच्या प्रकरणात मला मिळालं नाही.

आमच्याकडे

आम्ही रविवारचा दोन तासांचा वर्ग बंद केला. आता नवा माणूस पहिले चार आठवडे एका जुन्या स्वयंसेवकाबरोबरच फिरतो, एकटा कुठल्याच खाटेपाशी जात नाही. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी दीड तास सगळे बसतो. सुरुवात एकाच प्रश्नानं होते. गेल्या पंधरा दिवसांत कुठं अडलात? पहिल्या दोन बैठकांत कुणी बोललं नाही. तिसऱ्या वेळी मीच पाण्याची गोष्ट सांगितली आणि माझ्या वर्गात काय राहून गेलं होतं तेही सांगितलं. मग एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले की त्यांनी एका पेशंटला रिपोर्ट वाचून दाखवला होता आणि त्यातला 'कार्सिनोमा', म्हणजे कर्करोग, हा शब्द त्यांच्या तोंडून निघून गेला होता. घरच्यांनी ते त्या माणसापासून लपवलं होतं. सात महिने ते हे मनात घेऊन येत होते.

वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर एका बैठकीला आल्या. त्यांनी खाटेवर लावलेल्या उपाशी ठेवण्याच्या पाटीचा अर्थ सांगितला, सलाईन संपत आली तर काय करायचं आणि काय करायचं नाही ते हात धरून दाखवलं. निघताना म्हणाल्या, "मला हाक मारा हो, मी रागावत नाही." त्या वाक्याचा उपयोग झाल्याचं दिसतंय.

आमचे ३४ स्वयंसेवक होते. दर दुसरा शनिवार सक्तीचा केल्यावर १३ जणांनी येणं थांबवलं. त्यातले काही फार मायाळू होते आणि त्यांची उणीव वॉर्डात जाणवते. एकानं सरळ सांगितलं, "सेवा करायला आलो होतो, शाळेत नाही." आम्ही आग्रह केला नाही. संख्या कमी झाल्यानं दोन वॉर्ड सोडावे लागले आणि देणगीदारांना ते समजावून सांगताना माझी अडचण झाली.

उरलेल्यांत एक मावशी आहेत. चार घरी स्वयंपाक करून गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे येतात. पेशंट त्यांच्याशी जितकं बोलतात तितकं आमच्यापैकी कुणाशी बोलत नाहीत. दोन शनिवार त्या आल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "ताई, शनिवारी दुपारी एका घरी जादा काम असतं. त्याचे पैसे बुडतात. तुम्ही म्हणता ते शिकायचं आहे मला, पण ते बुडवून कसं येऊ?" बैठकीत हा प्रश्न मी सगळ्यांपुढं ठेवला. बराच वाद झाला. स्वयंसेवकाला पैसे दिले की तो स्वयंसेवक राहत नाही, असं काहींचं म्हणणं होतं. वॉर्डातल्या कामाचे पैसे नकोतच, पण आपण सक्तीनं बोलावतो त्या दीड तासाचे आणि बसच्या तिकिटाचे देणं लागतो, असं मावशींच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं पडलं. एप्रिलपासून ते द्यायला लागलो आहोत. ज्यांना हवेत ते घेतात, बाकीचे डब्यात परत टाकतात. मावशी घेतात, आणि सही करून घेतात.